श्यू आपोचा वाडगा

माझं नियोजन चुकत नाही. हे मी म्हणत नाही, पिंपळगाव बसवंतचे ट्रकवाले म्हणतात. एकवीस वर्षं मी तिथल्या एका पॅकहाउसचा मॅनेजर आहे. द्राक्षं वेलीवरून कधी उतरवायची, किती तास गार करायची, कंटेनर किती वाजता गेटबाहेर पडला म्हणजे बोट गाठेल, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. द्राक्षासारखा नाजूक माल जो माणूस वेळेवर सातासमुद्रापार पोचवतो, त्याला आपल्या एका बायकोला पाच दिवस चीनमध्ये फिरवून आणणं काय जड आहे, असं मला वाटलं होतं. तुम्हालाही वाटलं असतं.

आता मुळात चीनच कशाला, ते सांगतो. आमची निकिता तिकडे सुचौ नावाच्या शहरात फळं आयात करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहे. शांघायपासून आगगाडीने अर्ध्या तासावर. दोन वर्षांचा करार संपत आला होता आणि कंपनी आणखी तीन वर्षं ठेवून घ्यायला तयार होती. निकिताला राहायचं होतं. उज्वलाला, म्हणजे निकिताच्या आईला, ती परत यायला हवी होती. कारण गेल्या थंडीत पोरगी चार दिवस तापाने फणफणली होती आणि ते आम्हाला कळलं महिन्याने. त्या दिवसापासून उज्वलाचा एकच प्रश्न होता.

"तिला तापात पेज करून घालणारं तिथं कोण आहे?"

मी तो पॅकहाउसमध्येही सगळ्यांना विचारून बघितला.

शेवटी निकिताच मला म्हणाली, "बाबा, आईला एकदा इकडे आणा. शुक्रवारी सही करायची आहे. तिने सगळं बघावं. तिच्या मनात नसेल तर मी नाही करणार सही."

झालं. मी कामाला लागलो. उज्वलाला ते शहर इतकं आवडलं पाहिजे की तिने स्वतः पेन पुढे करावं! मी तीन आठवडे खपून पाच दिवसांत तेवीस ठिकाणं बसवली. जुना बाजार, जुन्या गल्ल्या, कालवे, पूल, बागा आणि प्रत्येक ठिकाणी काय खायचं ते. कागदाला लॅमिनेशन करून घेतलं. 'जुना बाजार, सकाळी ९.४० ते १०.००' असं त्यावर छापलेलं होतं. उज्वलाने तो कागद वाचला आणि विचारलं, "यात चहा कधी आहे?"

गणपती उठले आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही निघालो. उज्वलाच्या बॅगेत साडेतीन किलो चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं होतं. कपडे माझ्या बॅगेत होते.

निकिता राहते ती गल्ली जुन्या सुचौमधली. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला पांढऱ्या भिंतींची, काळ्या कौलांची घरं. बांबूवर धुणं वाळत घातलेलं, दारात सायकली आणि फुलझाडांचे डबे. समोरून कुणी आलं की दोघांपैकी एकाने पोट आत घ्यायचं. ते बहुतेक वेळा मीच घेत होतो. निकिताची खोली वरच्या मजल्यावर, आणि खाली श्यू आपो. आपो म्हणजे तिकडची आजी. वय अठ्ठ्याहत्तर. आम्ही रविवारी दुपारी पोचलो तेव्हा ती दारात स्टुलावर बसून, अंगठ्याला पितळी टोपण लावून, कसल्यातरी काळ्या बिया सोलत होती. सोललेला दाणा पांढरा, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा.

"ओले मखाणे आहेत ते," निकिता म्हणाली. "इथे याच महिन्यात मिळतात."

उज्वलाने बॅग खाली ठेवली, एक बी उचलली आणि नखाने सोलून बघितली. आपो हसली. मी घड्याळ बघितलं.

सोमवारी निकिता कामावर गेली आणि सव्वानऊला दार वाजलं. दारात आपो. हातात निळ्या फुलांचा पांढरा वाडगा, त्यात साखरेच्या पाण्यात शिजवलेले तेच मखाणे. आम्ही दोघांनी खाल्ले. खरंच सुरेख होते.

"चल," मी म्हणालो. "नऊ चाळीसला बाजार आहे."

"वाडगा द्यायचा राहिलाय."

"जाता जाता ठेवू खाली."

"रिकामा?"

हा 'रिकामा' तिने ज्या आवाजात उच्चारला, त्या आवाजात लोक 'उघडा?' असं विचारतात. उज्वला चांदवडची. तिच्या माहेरी शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत जात नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालतील, चार शेंगदाणे टाकतील, पण रिकामं देणार नाहीत. मी समजावलं की आपण परदेशात आहोत. ती म्हणाली, "मग? भांडं ते भांडंच." आणि तिने वाडग्यात शीग लावून चिवडा भरला.

आपोने दोन्ही हातांनी वाडगा घेतला. एक घास खाल्ला. डोळ्यांतून पाणी काढलं, छातीवर हात आपटला आणि मग दुसरा घास मुठीने घेतला. मी म्हटलं, चला, फिटंफाट. नऊ पंचावन्न झाले होते. मी पाच मिनिटांचा बाजार मनातल्या मनात आटोपता घेतला. पण आपो आत गेली, चाकांची पिशवी घेऊन बाहेर आली, उज्वलाचा दंड धरला आणि निघाली. मी मागून, हातात लॅमिनेशन.

बाजार मात्र बघण्यासारखा होता. चिखलासकट कमळकाकड्या, टोपल्यांत शिंगाडे, पाण्यात वळवळणारे मासे, वाफ सोडणाऱ्या बांबूच्या चाळण्यांची उतरंड, टोफूचे पाटच्या पाट. शिंगाडे बघून उज्वलाला माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं. आणि तेवढ्यात आपो कांद्याच्या ढिगासमोर थांबली आणि वरवरचे चार कांदे पिशवीत टाकू लागली.

उज्वलाने तिचा हात धरला. कांद्याच्या बाबतीत गप्प बसणं चांदवडच्या बाईच्या रक्तात नाही. तिने चारही कांदे परत ठेवले, एकेकाची मान दाबून बघितली, कानाशी नेऊन साल चुरली आणि ढिगाच्या पोटातून दुसरे चार काढले.

"वरचा माल चाळीतला जुना हाय," ती दुकानदाराला म्हणाली, मराठीत. "आतून कोंब सुटलाय. काप, काप बघू."

त्याला शब्द कळले नाहीत, पण आरोप बरोबर कळला. त्याने सुरी घेतली आणि कांदा कापला. आत हिरवा कोंब! आजूबाजूच्या बायकांनी असा काही हुंकार दिला की पुढची चाळीस मिनिटं त्या रांगेतल्या प्रत्येकीचे कांदे उज्वलाने निवडून दिले. दुकानदाराने तिला बसायला खोका दिला. मी माझ्या कागदावर 'जुना बाजार' पुढे बरोबरची खूण केली आणि त्याखालच्या तीन ठिकाणांवर काट मारली.

घरी आलो तर अर्ध्या तासात वाडगा हजर. आपोच्या लेखी हिशेब असा होता की एवढा चिवडा मिळाला, त्याला उत्तर गेलंच पाहिजे. आणि उज्वलाच्या लेखी वाडगा आला म्हणजे भरून गेलाच पाहिजे. दोघींपैकी थांबायचं कुणी?

मंगळवारी सकाळी त्यात कोळंबीचे वाफाळते मोदक आले. उज्वला माळकरी. नाकारावं तर म्हातारी दुखावणार, म्हणून सगळे मी खाल्ले. आपोने बघितलं की पाहुण्यांना फार आवडले, म्हणून दुपारी पुन्हा पाठवले. ते पण मी खाल्ले. उज्वलाने मेतकूट-भात पाठवला. संध्याकाळपर्यंत आपोने चिवडा गल्लीभर वाटलेला होता. त्यामुळे बुधवारी शेजारच्या दोन बायकाही आपापले वाडगे घेऊन जिना चढून आल्या. चिवडा संपला. मग उज्वलाने निकिताच्या एका शेगडीवर थालीपीठं लावायला घेतली. मला बाजारात पिटाळलं. मी कणीक आणली, शेंगदाणे आणले, गुळासारखी लाल साखर आणली. मला त्या बाजारात लोक नावाने नाही, तरी मानेने ओळखायला लागले होते.

"उज्वला," मी बुधवारी संध्याकाळी म्हणालो, "तेवीसपैकी आपण एक ठिकाण बघितलंय. तीनदा."

"मग छान बघून झालं की."

"अगं, ही गल्ली बघायला आलोय का आपण?"

ती शेंगदाणे भाजत होती. "मी निकिताचं कसं चाललंय ते बघायला आले," ती म्हणाली. "परवा सही आहे. आणि मला अजून कळलेलं नाही. ही म्हातारी गोड आहे, पण गोड खायला देणारी माणसं जगात पुष्कळ असतात. पोर आजारी पडली की कळतं."

मी मनात ठरवलं की गुरुवार हातचा जाऊ द्यायचा नाही. अकरा वाजताच्या नावेतून कालव्याची सफर आणि तिथून ती प्रसिद्ध बाग. तिकिटं काढलेली होती. एकदा हिने ते पाणी, ते पूल, त्या झुकलेल्या फांद्या बघितल्या की विरघळेल.

गुरुवारी साडेआठला वाडगा आला. कमळकाकडीच्या भोकांत चिकट भात भरून, वर मध. नऊला आम्ही खाऊन मोकळे. उज्वलाने आदल्या दिवशी वळलेले शेंगदाण्याचे चार लाडू वाडग्यात ठेवले.

"चार दिवस उभं राहून पाय भरून आलेत," ती म्हणाली. "मी दहा मिनिटं पाठ टेकते. तुम्ही तेवढं देऊन या. मग निघू तुमच्या नावेत."

आता माझी बाजू समजून घ्या. मी जिन्यात उभा होतो, हातात वाडगा, वाडग्यात लाडू. मी हिशेब केला. लाडू दिले की आपो उत्तर देणार. उत्तराला अर्धा तास. ते खाऊन, भांडं भरून, परत देऊन अकरा वाजणार. म्हणजे नाव गेली. नाव गेली म्हणजे बाग गेली. बाग गेली म्हणजे निकिताची नोकरी गेली. एवढी मोठी साखळी, आणि तोडायला फक्त एक कडी काढायची होती.

मी दोन लाडू पँटच्या डाव्या मागच्या खिशात घातले, दोन उजव्या. रुमालाने वाडगा पुसला. आपो दारात नव्हती. तिच्या खिडकीच्या कट्ट्यावर वाडगा अलगद ठेवून मी मांजरीच्या पावलांनी वर आलो.

"दिले?" उज्वलाने डोळ्यांवर पदर घेतला होता.

"दिले."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण खोटं बोलताना माझा आवाज अजून फुटतो. नशीब, ती दमलेली होती.

दहाच मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली. एकीची नाही, तिघींची. पुढे आपो, मागे शेजारच्या दोघी. आपोच्या हातात रिकामा वाडगा. तिने तो माझ्यासमोर धरला, उपडा करून दाखवला आणि पलंगाकडे बघितलं. पलंगावर उज्वला आडवी, डोळ्यांवर पदर.

आपोने तोंडाने 'आय्या' असा आवाज काढला आणि धावत जाऊन उज्वलाच्या कपाळावर हात ठेवला. उज्वला दचकून उठायला गेली. आपोने तिला खांदे दाबून परत आडवं केलं. शेजारच्या एकीने खिडकी उघडली. दुसरी पायथ्याशी बसून तळपाय चोळू लागली.

"अहो, काय झालंय यांना?"

"काही नाही, प्रेम आहे," मी म्हणालो आणि मध्ये पडायला गेलो. आपोने मला एका हाताने बाजूला सारलं आणि खुर्चीत बसवलं. दाबून. चारही लाडवांचा एकदम कूट झाला. मी चेहरा सरळ ठेवून बसून राहिलो, कारण उठलो असतो तर पुरावा सांडला असता.

मग आपो निकिताच्या ओट्याकडे गेली, आणि मला ते अजून डोळ्यांसमोर दिसतं. तिने काहीही शोधलं नाही. वरच्या फळीवर डब्यांच्या मागे हात घातला आणि एक छोटं मातीचं भांडं काढलं. खालच्या पत्र्याच्या डब्यातून मूठभर तांदूळ घेतले. मिठाची बरणी खणातून काढली. दारामागच्या खिळ्यावरचा छोटा टॉवेल भिजवून, पिळून, उज्वलाच्या कपाळावर ठेवला. पलंगाखालून औषधांचा डबा ओढला आणि थर्मामीटर झटकून उज्वलाच्या तोंडात दिला.

उज्वलाने धडपडायचं थांबवलं. ती आपोच्या हातांकडे बघत होती. मिनिटभराने तिने थर्मामीटर तोंडातून काढला.

"अहो, हिला सगळं कुठं ठेवलंय ते माहीत आहे."

"हं."

"मला चार दिवस झाले, मोठा चमचा सापडत नव्हता."

आपोने मोठा चमचा काढला. तो खिडकीतल्या तांब्यात होता.

भांड्यात तांदूळ रटरटू लागले. अकरा वाजले, आमची नाव आमच्याशिवाय गेली. पेज झाली. पातळ, पांढरी, थोडं आलं घातलेली. आपोने पलंगावर बसून चमच्यात फुंकर मारली आणि उज्वलाच्या तोंडाशी धरली. ताप नाही, काही नाही, ठणठणीत बाई. पण तिने तोंड उघडलं. एकेक चमचा करत अख्खं भांडं प्यायली आणि पिताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपोला वाटलं, आलं जास्त झालं.

तेवढ्यात निकिता धावत वर आली. डोक्यावर हेल्मेट तसंच.

"आई! काय होतंय तुला? आपोचा फोन आला. म्हणाली, वाडगा रिकामा आलाय, लवकर ये."

"वाडगा रिकामा?" उज्वला म्हणाली.

निकिताने आपोला विचारलं, ऐकलं आणि सांगितलं, "ती म्हणतेय, या बाईने चार दिवसांत एकदाही वाडगा रिकामा पाठवला नाही. आज आला. म्हणजे हिच्या अंगात उठायचं बळ नसणार."

उज्वलाने माझ्याकडे बघितलं. मी कालव्याकडे बघितलं. कालवा फारच सुंदर दिसत होता.

पण तिने मला काही विचारलं नाही. तिने निकितालाच विचारलं, "गेल्या थंडीत, तुझ्या तापात. हीच होती?"

"चारही दिवस. झोपायचीसुद्धा इथेच, या खुर्चीत. खोलीची एक किल्ली अजून तिच्याकडेच आहे."

"मग मला का नाही सांगितलंस गं?"

"सांगत होते की! ताप म्हटल्यावर तू रडायला लागलीस. मग बाबांनी फोन घेतला आणि विमानांच्या वेळा सांगायला लागले."

यावर पुन्हा दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी त्या वेळा अजूनही पाठ म्हणून दाखवू शकतो, पण ती वेळ नव्हती.

उज्वलाने आपोचा हात दोन्ही हातांत घेतला. सुरकुतलेला, अंगठ्यावर पितळी टोपणाचा वळ असलेला हात. बराच वेळ तिने तो सोडला नाही.

"तिला सांग, मी आजारी नाहीये," ती म्हणाली. मग लगेच, "नको, थांब. ते नको सांगूस. पेज फार छान झाली होती, एवढंच सांग."

निकिताने सांगितलं. आपो खूश झाली आणि आणखी पेज टाकायला उठली.

"आणि निकिता, उद्या सही करून टाक."

माझ्या तेवीस ठिकाणांमधली राहिलेली बावीस मिळूनही जे करू शकली नसती, ते मूठभर तांदळाने केलं. मी आनंदाने उभा राहिलो. खुर्चीत शेंगदाण्याच्या कुटाचा ढीग होता. निकिता म्हणाली, "बाबा, हे काय?" मी म्हणालो, "जुनं फर्निचर आहे, भुसा पडतो."

शनिवारी निघताना टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. उज्वलाने आपोला शेवटचे लाडू आमच्या स्टीलच्या डब्यात घालून दिले, डब्यासकट. आम्ही गाडीत बसलो, आणि बघतो तर आपो गल्लीतून लगबगीने येतेय, हातात फडक्यात बांधलेला तोच वाडगा. आत सोललेले मखाणे, शिगोशीग. एवढे सोलायला तिला पहाटे उठावं लागलं असणार. तिने तो खिडकीतून उज्वलाच्या मांडीवर ठेवला. चालकाने गाडी सुरू केली.

"अहो, थांबवा! वाडगा राहिला आपल्याकडे."

"विमान आहे, उज्वला."

सुचौ ते शांघाय, शांघाय ते मुंबई, मुंबई ते नाशिक, तो वाडगा तिने मांडीवरून खाली ठेवला नाही.

आता तो आमच्या इंदिरानगरच्या घरात काचेच्या कपाटात आहे. मखाणे संपले, वाडगा रिकामा आहे आणि रिकामा तो परत जाऊ शकत नाही. कुरिअरने भरून पाठवू म्हटलं तर उज्वला म्हणाली, भांडं हातानेच द्यायचं असतं. त्यामुळे येत्या सप्टेंबरला आम्ही पुन्हा जातोय. मी नियोजनाला बसलो होतो. तिने कागद ओढून घेतला आणि वर एकच ओळ लिहिली : 'वाडगा देणे'. वेळेचा रकाना मी आखला होता, तो तिने खोडला.

त्या गुरुवारी वाडगा रिकामा कसा गेला, हे तिने मला आजपर्यंत विचारलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. फक्त परवा शेजारच्या तबस्सुमभाभींची वाटी परत द्यायची होती. उज्वलाने त्यात गुळपापडीच्या चार वड्या ठेवल्या. मी आपणहून हात पुढे केला. तिने वाटीकडे बघितलं, माझ्या खिशांकडे बघितलं आणि चपला घालून स्वतःच गेली.